नवा ड्युअल-कोर प्रोसेसर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक अडखळायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. पुष्कळदा तो बिचारा निर्दोष असतो. गेली कित्येक वर्षं ओळखीच्या लोकांचे संगणक जुळवून देताना, उघडून साफ करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे घेतले आहेत. कोणाचेही पैसे चुकीच्या भागावर खर्च होऊ नयेत, म्हणून उत्तरं जरा सविस्तर आहेत.

आधी थोडक्यात सांगा, नवा ड्युअल-कोर घेण्यात आज अर्थ आहे का?

काम ठरलेलं असेल आणि ते बदलणार नसेल, तर आहे. हिशेबाचं एकच सॉफ्टवेअर, पावत्या छापणं, घरातल्या फायली साठवून ठेवणारं यंत्र, भिंतीवरच्या पडद्यावर दिवसभर एकच माहिती दाखवणं, अशा कामांना दोन चांगले नवे कोर भरपूर होतात. पण ज्या संगणकावर घरातली चार माणसं चार तऱ्हेची कामं करणार आहेत आणि जो सहा-सात वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे, त्यासाठी मी आज दोन कोर सुचवत नाही. तिथे किमान चार कोर हवेत.

ड्युअल-कोर म्हणजे नेमकं काय?

एकाच प्रोसेसरमध्ये सूचना राबवणारे दोन स्वतंत्र विभाग. प्रत्येक कोर आपापलं काम एकाच वेळी करू शकतो. मेमरीकडे जाणारी वाट मात्र दोघांची एकच असते, हे पुढच्या काही उत्तरांत कामाला येईल.

ड्युअल-कोर म्हणजे पूर्वी केवढी मोठी गोष्ट होती! मग आता तो मागे का पडला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सगळ्या विषयाचं मूळ त्यात आहे. २००४ पर्यंत प्रोसेसर वेगवान करण्याचा सोपा मार्ग म्हणजे क्लॉक स्पीड, म्हणजे सेकंदाला पडणारे प्रोसेसरचे ठोके, वाढवणं. हे ठोके गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. इंटेलचा पेंटियम ४ वाढत वाढत ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तिथे उष्णतेने वाट अडवली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ येणार म्हणून जाहीर झालं होतं, पण इंटेलने तो २००४ मध्येच रद्द केला. एकच कोर आणखी पळवता येईना, तेव्हा दोन कोर शेजारी शेजारी बसवण्याची कल्पना पुढे आली. आयबीएमने मोठ्या सर्व्हरसाठी २००१ मध्ये पॉवर ४ या चिपमध्ये हे आधीच केलं होतं. घरगुती संगणकांत ते २००५ साली आलं, इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अॅथलॉन ६४ एक्स२ यांच्या रूपाने.

पेंटियम डीच्या वरच्या मॉडेलची उष्णता १३० वॅटची. टेबलाखाली ठेवलेला डबा पायाला ऊब द्यायचा. मग जुलै २००६ मध्ये इंटेलचाच कोर टू ड्युओ आला. त्यातला ई६६०० हा २.४ गिगाहर्ट्झचा आणि ६५ वॅटचा. आकड्यात मागे असूनही तो ३.६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीला सहज मागे टाकायचा, कारण एका ठोक्यात तो जास्त काम उरकत होता. ड्युअल-कोरचा खरा सुवर्णकाळ तो.

त्यानंतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी अनेक कोर आहेत असं गृहीत धरूनच लिहायला सुरुवात केली. दोन कोरचे चार झाले, सहा झाले, आठ झाले. ड्युअल-कोर हळू झालेला नाही. आजचा नवा ड्युअल-कोर त्या काळच्या कोणत्याही ड्युअल-कोरपेक्षा कितीतरी वेगवान आहे. वाढलं आहे ते एकाच वेळी चालणाऱ्या कामांचं ओझं.

दोन कोर म्हणजे दुप्पट वेग ना?

नाही. विहीर खणायची आहे असं समजा. तळाशी कुदळ मारायला जागा एकालाच आहे. दुसरा वरून माती ओढून बाजूला टाकेल, पण कुदळ मारायला खाली उतरू शकणार नाही. दोघं असल्यावर काम लवकर होईल, पण निम्म्या वेळात होणार नाही.

याचं गणित संगणक-रचनाकार जीन अॅमडाल यांच्या नावाने ओळखलं जातं आणि ते १९६७ पासूनचं आहे. कामाचा निम्मा भाग वाटून घेता येत असेल, तर दोन कोरवर ते काम १.३३ पट वेगाने होतं. ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर सुमारे १.६७ पट. आणि निम्माच भाग वाटता येण्याजोगा असेल, तर शंभर कोर लावले तरी वेग दुपटीच्या पुढे जात नाही. म्हणूनच कोर मोजण्याआधी आपलं काम वाटण्यासारखं आहे का, हे बघावं. व्हिडिओ रूपांतरित करणं छान वाटलं जातं. जुन्या पद्धतीचं एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र एकाच कोरवर रेटत राहतं आणि दुसरा कोर बसून असतो.

गिगाहर्ट्झ जास्त तो प्रोसेसर चांगला, असं धरून चालावं का?

एकाच पिढीतल्या, एकाच घराण्यातल्या दोन मॉडेलांत धरा. वेगवेगळ्या पिढ्यांत मुळीच नको. वरचं पेंटियम डी आणि कोर टू ड्युओचं उदाहरण आठवा.

पेटीवर दोन कोर, चार थ्रेड असं लिहिलं आहे. म्हणजे चार कोरच झाले की!

झाले नाहीत. एक कोर मेमरीतून काही येण्याची वाट बघत थांबलेला असतो, तेवढ्या वेळात त्याच्याकडून दुसऱ्या कामाचा तुकडा करून घेणं, ही थ्रेडची युक्ती. इंटेलने ती २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग या नावाने घरगुती संगणकात आणली. कामाप्रमाणे साधारण २० ते ३० टक्के फायदा होतो, काही कामांत काहीच होत नाही.

तरीही ड्युअल-कोर घेणारच असाल तर हा फरक फार मोलाचा आहे. २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या इंटेलच्या दोन जोडीदारांकडे बघा : सेलेरॉन जी६९०० मध्ये दोन कोर, दोन थ्रेड आणि पेंटियम गोल्ड जी७४०० मध्ये दोन कोर, चार थ्रेड. दोन्ही एकाच सॉकेटचे (प्रोसेसर बसवायच्या खोबणीचे), दोन्ही ४६ वॅटचे. रोजच्या वापरात पहिला जिथे गुदमरतो तिथे दुसरा निभावून नेतो. दोनच थ्रेडचा नवा प्रोसेसर विंडोजच्या संगणकासाठी कोणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा संगणक प्रोसेसरमुळेच हळू झाला आहे, हे ओळखायचं कसं?

नवा प्रोसेसर घेण्याआधी दहा मिनिटं या उत्तरासाठी द्या.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात जा आणि संगणक जसा नेहमी अडखळतो तसं नेमकं काम सुरू करा. रिकाम्या संगणकाचे आकडे बघून काहीच कळत नाही.

आता डिस्ककडे बघा. ती १०० टक्क्यांवर चिकटून बसली असेल आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर असेल, तर दोषी सापडला. जुनी फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. प्रत्येक लहान फाइल शोधायला तिची सुई हलणार, तबकडी फिरून यायची वाट बघणार. सेकंदाला शंभरेक फायली वाचतानाच तिची दमछाक होते. एसएसडीला, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, हे हलणं-फिरणंच नसल्यामुळे ती हजारोंनी वाचते. अशा यंत्रात कितीही भारी प्रोसेसर बसवा, तो त्या सुईची वाट बघत बसेल.

मग मेमरी बघा. ४ जीबी रॅम असेल आणि ती भरलेली दिसत असेल, तर विंडोज उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि गरज लागली की परत आणतं. हाही खोळंबा प्रोसेसरचा नव्हे.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर प्रोसेसरच्या आलेखावर उजवी कळ दाबून लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे एकेक थ्रेड, वेगवेगळे दाखवायला सांगा. इथे एक फसवी जागा आहे. दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर एकूण वापर ५० टक्के दिसला की लोकांना वाटतं, अजून निम्मी ताकद शिल्लक आहे. प्रत्यक्षात एक कोर पूर्ण भरलेला आणि दुसरा मोकळा असू शकतो. असं असेल तर जास्त कोर घेऊन फायदा नाही, तुम्हाला कोर वेगवान हवा आहे. याउलट सगळे आलेख छताला टेकलेले असतील, तर कोरच कमी पडत आहेत. लिनक्सवर टॉप ही आज्ञा चालू करून १ हा आकडा दाबला की हेच चित्र दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी मी स्वतः पाहिली नसती तर इतक्या ठामपणे सांगितली नसती. एका नातलगांचा ड्युअल-कोर संगणक एकाएकी इतका मंदावला की त्यांनी नवा घ्यायची तयारी केली होती. टास्क मॅनेजरमध्ये वापर १०० टक्के आणि त्याच्या शेजारी वेग ०.८ गिगाहर्ट्झ! प्रोसेसर तापून आपोआप हळू धावत होता. झाकण उघडून पंखा काढला, तर खाली अॅल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीचा घोंगडीसारखा थर बसलेला. तो बोटाने अख्खा सोलून निघाला. पात्या साफ केल्या, प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी, पण वाळून पांढरी पडलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि तोच प्रोसेसर पुन्हा पूर्ण वेगाने चालू लागला. पुढे दोन वर्षं तो संगणक त्यांनी वापरला.

मी फक्त ब्राउझर वापरतो. मग दोन कोर पुरतील ना?

"फक्त ब्राउझर" हे आजच्या संगणकावरचं सगळ्यात जड कामांपैकी एक आहे. २००८ मध्ये क्रोम आला तो प्रत्येक टॅबसाठी वेगळी प्रक्रिया चालवण्याची रचना घेऊनच. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगापुढे आल्या. त्यानंतर वेगवेगळ्या साइट एकमेकींपासून आणखी काटेकोरपणे अलग ठेवल्या जाऊ लागल्या. सुरक्षेसाठी ते योग्यच झालं, पण प्रक्रिया वाढल्या आणि मेमरीही जास्त लागू लागली.

चार-पाच टॅब, बँकेचं काम, बातम्या, पत्रव्यवहार एवढंच असेल तर दोन कोर, चार थ्रेड आणि ८ जीबी रॅम यावर सुखाने चालतं. वीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर आधी रॅम वाढवा, मग कोरचा विचार करा.

व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन वर्गांसाठी?

इथे दोन कोरची खरी परीक्षा होते. कॅमेऱ्याचं चित्र दाबून पाठवायचं, समोरच्या दहा जणांची चित्रं उलगडायची, आवाजातली घरघर काढायची, आणि हे सगळं एकाच क्षणी, न थांबता. त्यात स्क्रीन शेअर केली की ओझं आणखी वाढतं. दोन कोर, दोन थ्रेडच्या एका यंत्रावर मी पाठीमागचं दृश्य धूसर करण्याचा पर्याय चालू केला आणि पलीकडच्याला माझा आवाज तुटक तुटक ऐकू जायला लागला. पर्याय बंद केला, आवाज लगेच सुधारला. ज्याचं रोजचं शिक्षण किंवा नोकरी व्हिडिओ कॉलवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी चार कोर ही चैन समजू नका.

नुसते व्हिडिओ बघायला किती कोर लागतात?

कोरपेक्षा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बघा. त्या व्हिडिओचा प्रकार उलगडणारी खास यंत्रणा त्यात असेल, तर प्रोसेसरला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. इंटेलमध्ये एव्ही१ प्रकार उलगडण्याची सोय २०२० पासूनच्या ग्राफिक्समध्ये आहे. वर सांगितलेल्या जी७४०० मध्येही ती आहे. जुन्या ड्युअल-कोरवर तोच व्हिडिओ कोरना स्वतः उलगडावा लागतो आणि पंखा ओरडायला लागतो.

खेळांसाठी चालेल?

जुने आणि हलके खेळ चालतील. नवे मोठे खेळ डोक्यात असतील तर नको. २०१४ च्या सुमारासच काही मोठे खेळ दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर सुरूच होईनात. तेव्हापासून अपेक्षा वाढतच गेल्या आहेत.

विंडोज ११ ला दोन कोर पुरतात का?

कागदावर पुरतात. मायक्रोसॉफ्टची किमान अट १ गिगाहर्ट्झचा, दोन कोरचा, ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशी आहे. सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर त्यांच्या यादीत हवा. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर, एएमडीचे रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे यादीबाहेरचा जुना ड्युअल-कोर स्वस्तात मिळतो म्हणून घेतला, तर विंडोजपुरता तो पहिल्या दिवसापासून अडचणीचा ठरेल. लिनक्स वापरणाऱ्यांना ही आडकाठी नाही.

लॅपटॉपवर आय७ चं स्टिकर आहे. त्यात दोन कोर कसे असतील?

असू शकतात, आणि वापरलेला लॅपटॉप घेणारे इथेच फसतात. २०१७ च्या उत्तरार्धापर्यंत पातळ लॅपटॉपमधले, नावाच्या शेवटी यू असलेले इंटेलचे आय५ आणि आय७ बहुतेक दोन कोरचेच होते. आय७-७५०० यू दोन कोरचा आणि त्याच्या पुढच्या पिढीतला आय५-८२५० यू चार कोरचा! म्हणजे खालच्या नावाचा, पण एका पिढीने नवा असलेला प्रोसेसर सरस. डेस्कटॉपमधला आय३ सुद्धा सातव्या पिढीपर्यंत दोन कोरचा होता, आठवीपासून चारचा झाला. स्टिकर बघू नका, पूर्ण मॉडेल नंबर वाचा.

जुना क्वाड-कोर (चार कोरचा) घेऊ की नवा ड्युअल-कोर?

जुना म्हणजे किती जुना, यावर सगळं आहे. २००७ च्या कोर टू क्वाड क्यू६६०० ला जी७४०० दोन कोरांनिशी मागे टाकतो, तेही निम्म्याहून कमी वॅटमध्ये. पण समोर आठव्या किंवा नंतरच्या पिढीचा, नीट वापरलेला चार कोरचा संगणक असेल, तर मी तोच घेईन.

माझ्या जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसेल का?

सहसा नाही. इंटेलची दहावी-अकरावी पिढी एलजीए १२०० सॉकेटची, बारावी ते चौदावी एलजीए १७०० ची. सॉकेट सारखं असूनही चालत नाही, असंही घडतं : एलजीए ११५१ नावाचे दोन संच होते, दिसायला सारखे, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नव्हता. म्हणून बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची प्रोसेसर-यादी बघा, आणि त्यात बायोसची (बोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरची) कुठली आवृत्ती लागते हेही बघा. बोर्ड बदलावा लागला की रॅमही बदलावी लागू शकते, आणि मग दोन कोर घेऊन केलेली बचत उरत नाही.

आत्ता ड्युअल-कोर घेतो, पुढे जमेल तेव्हा मोठा प्रोसेसर टाकतो. चालेल?

हा विचार मला पटतो, पण एका अटीवर : बोर्ड आणि रॅम पुढच्या प्रोसेसरचा विचार करून घ्या. एलजीए १७०० बोर्डवर जी७४०० बसवून सुरुवात केली, तर पुढे त्याच जागी बाराव्या पिढीचा सहा कोरचा आय५ बसतो. बोर्ड अगदीच हलका असेल तर मात्र मोठ्या प्रोसेसरला लागणारी वीज त्याला पेलत नाही.

दोन कोरना वीज कमी लागेल ना?

फरक वाटतो त्याहून लहान असतो. घरच्या वापरात प्रोसेसर बराच वेळ रिकामाच असतो, आणि रिकामा असताना दोन कोर काय नि चार काय, जवळपास सारखंच खातात. विजेचाच विचार असेल तर इंटेल एन१०० सारख्या चिपकडे बघा. २०२३ मधली ही चिप ६ वॅटची, आणि तीत चार कोर आहेत. तिचा एकेक कोर जी७४०० च्या कोरइतका वेगवान नाही, ती बोर्डवरच जोडलेली असते आणि नंतर बदलता येत नाही. पण दिवसरात्र चालू राहणाऱ्या फायलींच्या यंत्रासाठी मी नव्या ड्युअल-कोरआधी तिचाच विचार करतो.

ड्युअल-कोर घेऊन झाला. आता त्याच्याकडून पुरेपूर काम कसं घेऊ?

सिस्टिम एसएसडीवर टाका. ८ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा, म्हणजे मेमरीची वाट दुहेरी होते आणि आतल्या ग्राफिक्सला तर त्याचा लगेच फायदा होतो. संगणक सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागातून बंद करा. दोन कोरच्या यंत्रावर मागे चालणारं प्रत्येक काम जाणवतं.

आणि बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा तास जड काम चालवून तापमान बघा. ते ९० अंशांच्या पुढे जात असेल तर पंखा नीट बसला आहे का ते बघा. पंख्याच्या चार खिळ्यांपैकी एखादी अर्धवट बसलेली असते. बोर्ड उलटा करून बघितलं की पांढऱ्या पायाची दोन्ही टोकं नीट बाहेर आलेली दिसली पाहिजेत. न दिसणारी खिळी वर ओढून घ्या, पेस्ट पुसून नवी लावा आणि खिळ्या समोरासमोरच्या जोडीने दाबा.